लाजवंतीचे कोणी ऐकून घेतले का?

राजिंदरसिंह बेदी यांची 'लाजवंती' ही उर्दू कथा मी पहिल्यांदा वाचली ती बी.ए.च्या वर्गात. परीक्षेला येणारा प्रश्न ठरलेला होता : सुंदरलाल या पात्राचे चित्रण करा. उत्तरही ठरलेले. सुंदरलाल हा सुधारक आहे, तो पळवून नेलेल्या बायकोला परत स्वीकारतो, पण तिला देवी करून ठेवतो आणि माणूस म्हणून जगू देत नाही. मीही तसेच लिहिले. गुणही चांगले मिळाले. पुढे बी.एड. केले, जालना जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरीला लागले आणि कथा मागे पडली. सोळा-सतरा वर्षांनी ती पुन्हा हातात घेतली, तेव्हा लक्षात आले की आपण परीक्षेत लिहिलेले उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ही कथा पुन्हा का काढली, ते शेवटी सांगेन. आधी कथेबद्दल.

'लाजवंती' फाळणीवरची कथा म्हणून ओळखली जाते. बेदींच्या 'अपने दुख मुझे दे दो' या १९६५ च्या संग्रहात ती आहे. माझ्या मते मात्र ही मुख्यतः एका समितीची कथा आहे. फाळणीनंतरचे लुधियाना शहर. मुल्ला शकूर नावाच्या मोहल्ल्यात पुनर्वसनाची कामे चालू आहेत. कोणाला धंदा लावून द्यायचा, कोणाला जमीन, कोणाला घर. या सगळ्यात एकच कार्यक्रम मागे राहिलेला असतो, तो म्हणजे पळवून नेलेल्या बायकांचा. मग त्यासाठी समिती स्थापन होते. वकील कालकाप्रसाद अध्यक्ष होतात आणि अकरा मतांच्या बहुमताने सुंदरलाल चिटणीस. पहाटे प्रभातफेऱ्या निघतात. या बायांना घरात घ्या, नुसते घरात नव्हे तर मनात जागा द्या, अशा अर्थाचा नारा दिला जातो. रसालू आणि नेकीराम गातात. मंदिरात नारायणबाबा रामायण सांगताना धोब्याचा प्रसंग काढतात, तेव्हा सुंदरलाल भर सभेत उठून सीतेच्या बाजूने बोलतो. हे सगळे वाचताना आपल्याला सुंदरलाल आवडतो. आवडलाच पाहिजे. त्याची स्वतःची बायको लाजो फाळणीत हरवलेली आहे. पूर्वी तो तिला मारीत असे. त्याचा पश्चात्तापही त्याच्या कामात आहे.

मग लाजो सापडते. वाघा सीमेवर बायांची अदलाबदल होते आणि लाजो घरी येते. सुंदरलाल नाऱ्याप्रमाणे वागतो. तो तिला हाकलत नाही, टोमणे मारीत नाही, हात उगारीत नाही. एकदाच विचारतो, तो कोण होता, तुला मारायचा का? ती सांगते की तो मारीत नव्हता, आणि तरीही तिला त्याची भीती वाटे. मारीत होतास तो तू, पण तुझी भीती वाटत नव्हती. एवढे बोलणे होते आणि सुंदरलाल विषय बंद करतो. झाले गेले जाऊ दे, तुझा त्यात काय दोष, असे म्हणतो. तिला 'देवी' म्हणू लागतो. लाजोला सगळे सांगायचे असते. सांगून, रडून मोकळे व्हायचे असते. ते मनातच राहते. गाजरावरून भांडणारी आणि मुळ्यावर खूष होणारी जुनी लाजो तिला व्हायचे असते, ते होता येत नाही. कथा इथे संपते.

आता समितीकडे पाहावे. तिच्याकडे काय काय होते? अध्यक्ष होता, चिटणीस होता, मतदान होते, नारा होता, गाणी होती, विरोधकांना तोंड देण्याचे धैर्यही होते. काय नव्हते? परत आलेल्या बाईचे बसून ऐकून घेणारे एकही माणूस नव्हते. समितीतील ज्यांची नावे कथेत येतात ते सगळे पुरुष आहेत. त्यांचे सगळे बोलणे समाजाशी आहे, बाईशी नाही. यांना स्वीकारा, असे ते समाजाला सांगतात. बाईला काय हवे, हे कोणी विचारत नाही. सुंदरलालने लाजोचे न ऐकणे हा एका नवऱ्याचा दोष नव्हे, ती समितीच्या कामाची रीत आहे. समितीने जे मोहल्ल्यात केले तेच त्याने घरात केले. परीक्षेच्या उत्तरात माझ्याकडून सुटले होते ते हेच.

बेदींनी हे मुद्दाम केले का? मला वाटते, होय. वाघ्याच्या सीमेवर अदलाबदल होताना दोन्हीकडचे स्वयंसेवक हुज्जत घालतात, तुम्ही आम्हाला म्हाताऱ्या आणि निरुपयोगी बाया देता म्हणून. बाजारात जनावरे पारखावीत तशी बायांची पारख चाललेली आहे, आणि ती पारख करणारे गुंड नाहीत, समाजसेवक आहेत. एवढे लिहिणाऱ्या लेखकाला समितीचा दोष दिसला नसेल असे म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. लाजो ज्या घरात होती तो माणूस मुसलमान आहे. फाळणीनंतर एका शीख लेखकाने त्याला राक्षस करून टाकले असते तर कोणी दोष दिला नसता. बेदी ते टाळतात. त्याने मारले नाही, एवढेच लाजो सांगते. त्यामुळे तो निर्दोष ठरत नाही, बाईला तिच्या मनाविरुद्ध ठेवणे हा गुन्हाच. पण राक्षस समोर असला की आपल्याला स्वतःकडे पाहावे लागत नाही. बेदी ती पळवाट वाचकाला देत नाहीत.

तरी एका बाबतीत मला बेदींशी वाद घालावासा वाटतो. कथेचे नाव आणि तिच्या सुरुवातीचे पंजाबी लोकगीत लाजाळूच्या झाडावरचे आहे. हात लावला की ते कोमेजते, असा त्याचा भाव. बाई म्हणजे लाजाळू, ही उपमा उर्दूत आणि मराठीतही इतकी रुळली आहे की ती कोणाला खटकत नाही. पण ज्याने लाजाळू पाहिले आहे त्याला माहीत असते की मिटलेली पाने काही मिनिटांत पुन्हा उघडतात. ते झाड मरत नाही. स्वतःला वाचवायला पाने मिटून घेते. आपल्या साहित्याने झाडाचे मिटणे तेवढे घेतले, उघडणे घेतले नाही. अत्याचार झालेली बाई म्हणजे संपलेली बाई, हे आपण इतक्या वेळा लिहिले की ती आपल्याला दुसऱ्या रूपात दिसेनाशी झाली.

हे भाषेतच बसलेले आहे. मराठी वर्तमानपत्रात कालपरवापर्यंत 'अब्रू लुटली' असे छापून येई. अब्रू हा शब्द फारसीतला 'आबरू', आपल्याच घरातून मराठीत गेलेला. उर्दू वर्तमानपत्रे 'इस्मतदरी' लिहितात. इस्मत म्हणजे पावित्र्य आणि दरी म्हणजे फाडणे. दोन्ही शब्दांत गुन्हा करणारा कुठेच नाही. गेले ते बाईचे गेले. चोरी झाली तर आपण चोराला शोधतो, येथे मात्र जिचे लुटले तीच तोंड लपवून फिरते. मी भाषा शिकवणारी आहे. मुलांना शब्दार्थ सांगताना हे शब्द तसेच पुढे देणे म्हणजे तो अर्थही पुढे देणे, असे आता मला वाटते.

'लाजवंती'सोबत मंटोची 'खोल दो' वाचली पाहिजे. ती १९४८ मध्ये 'नुक़ूश' या मासिकात आली आणि त्यामुळे मासिकावर सहा महिने बंदी आली. अमृतसरहून निघालेल्या गाडीत सिराजुद्दीनची मुलगी सकीना हरवते. मुगलपुऱ्याच्या छावणीत तो वेड्यासारखा तिला शोधतो. आठ तरुण लॉरी घेऊन अशा हरवलेल्यांना आणायचे काम करीत असतात. तो त्यांना मुलीची खूण सांगतो. त्यांना ती सापडते. पुढे जे घडते ते कथा सरळ सांगत नाही. शेवटी रेल्वेच्या रुळाजवळ बेशुद्ध पडलेली मुलगी दवाखान्यात आणली जाते. डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो आणि ते शब्द ऐकून मुलीचे हात जे करतात, त्यावरून वाचकाला सगळे कळते. बापाला एवढेच कळते की मुलगी जिवंत आहे. डॉक्टर घामाने भिजून जातो.

या कथेच्या शेवटावर खूप लिहिले गेले आहे. मला दोन गोष्टींवर बोलायचे आहे. पहिली, एका शब्दाची. त्या आठ तरुणांना मंटो 'रझाकार' म्हणतो. उर्दूत या शब्दाचा साधा अर्थ आहे स्वयंसेवक, स्वखुशीने काम करणारा. पण मराठवाड्यात हा शब्द उच्चारला की कासिम रझवीची संघटना आणि १९४८ च्या सप्टेंबरपूर्वीचे तिचे अत्याचार डोळ्यांपुढे येतात. आमच्या भागात ही कथा मराठीत सांगताना हा शब्द तसाच ठेवला तर ऐकणारे पहिल्यापासून सावध होतात, आणि कथेचा घाव हुकतो. कारण मंटोचे म्हणणे असे की ज्यांच्यावर बापाने विश्वास ठेवला, ज्यांना त्याने दुवा दिली, ते त्याच्याच बाजूचे मदतनीस होते. तेव्हा मराठीत 'स्वयंसेवक' हाच शब्द वापरला पाहिजे. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या जमातीत मदतीला येणारा प्रत्येक माणूस तपासून घ्यावा लागतो, हे ही कथा सांगते, आणि ते ऐकायला जड जाते.

दुसरी गोष्ट डॉक्टरची. त्याला घाम फुटतो, म्हणजे त्याला समजले. पण समजल्यानंतर काय करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. कथा तिथे थांबते, ते योग्यच. वास्तवात मात्र डॉक्टर त्यापुढेही होते, आणि बरेच दिवस ते काय करीत होते? बाईच्या शरीराची दोन बोटांची चाचणी करून तिच्या चारित्र्याविषयी शेरा लिहीत होते. ही चाचणी बाईच्या सन्मानाचा भंग करते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. तरी ती चालूच राहिली, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. मंटोचा घामाने भिजलेला डॉक्टर निदान शरमलेला तरी होता.

या कथा नुसत्या कल्पनेच्या नाहीत. पळवलेल्या बायांना शोधून परत नेण्याचा करार भारत आणि पाकिस्तानात १९४७ च्या डिसेंबरात झाला. १९४९ मध्ये आपल्याकडे त्यासाठी कायदा आला. त्या कायद्यातली पळवलेल्या व्यक्तीची व्याख्या वाचण्यासारखी आहे : पुरुष असेल तर १६ वर्षांखालचा, स्त्री असेल तर कोणत्याही वयाची. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा स्वतःचे ठरवू शकतो, चाळीस वर्षांची बाई ठरवू शकत नाही. दोन्ही देशांत मिळून तीस हजारांच्या आसपास बाया अशा परत नेल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकींना सुटका हवी होती, कित्येकींना नको होती. विचारले कोणालाच नाही. अनीस किदवई यांचे 'आज़ादी की छाँव में' हे १९७४ मध्ये आलेले उर्दू पुस्तक यासाठी मुद्दाम वाचावे. १९४७ मध्ये मसुरीत त्यांच्या पतीचा खून झाला. त्या दुःखातून उठून त्या गांधीजींच्या सांगण्यावरून दिल्लीतल्या पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यातल्या छावण्यांत काम करू लागल्या. घरी परतायला तयार नसलेल्या बायांची भीती आणि शरम त्यांनी समजून घेऊन लिहिली आहे. बेदींच्या समितीत जे माणूस नव्हते, ते माणूस मला या पुस्तकात भेटले.

आमच्या मराठवाड्याचेही एक पान आहे. १९४८ साली जालना हा निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी करायला भारत सरकारने वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळल्याचे तिने लिहिले. अहवाल दाबून ठेवला गेला, तो २०१३ मध्ये अभ्यासकांना मोकळेपणी पाहता आला. योगायोग पाहा, इथेही समिती आहे आणि इथेही सुंदरलाल आहेत. अर्थात हे पंडितजी त्या कथेतल्यासारखे नव्हते. त्यांनी निर्भीडपणे लिहिले, रझाकारांनी हिंदूंवर केलेल्या अत्याचारांचीही नोंद घेतली. समितीत काझी अब्दुल गफ्फार होते. 'लैला के ख़ुतूत' या पुस्तकात एका तवायफला पत्रांमधून बोलायला लावणारे उर्दूचे लेखक ते हेच. असा लेखक समितीत असूनही अहवालात बायांवरचे अत्याचार येतात ते गुन्ह्यांच्या यादीत. बाई स्वतः बोलत नाही. त्या बाया, मुसलमानांच्या आणि त्याआधी रझाकारांच्या हाती सापडलेल्या हिंदूंच्याही, पुढे म्हाताऱ्या होऊन गेल्या. त्यांचे ऐकायला आम्ही गेलो नाही.

मग महाराष्ट्रात बदल कधी झाला? माझ्या समजुतीप्रमाणे तो एका आदिवासी मुलीमुळे झाला. १९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असे कारण. म्हणजे गप्प राहणे ही संमती ठरली. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात बाईने संमती नव्हती म्हटले तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, अशी तरतूद झाली. खटला बंद दाराआड चालवावा आणि बाईचे नाव छापू नये, हेही तेव्हाच आले. गप्प बसलेल्या बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ इतरांनी लावू नये, तिला विचारावे, हे कायद्याला तेव्हा थोडे समजले. लाजोच्या बाबतीतही मुद्दा तोच होता.

त्यानंतर ज्या सेवा उभ्या राहिल्या त्यांची नावे मला फार बोलकी वाटतात. २००० साली मुंबई महापालिकेने आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अत्याचारित बायांसाठी केंद्र काढले, त्याचे नाव 'दिलासा'. मजलिस या मुंबईतल्या वकील स्त्रियांच्या संस्थेने २०११ मध्ये अत्याचार झालेल्या बाया-मुलींना चौकीपासून न्यायालयापर्यंत सोबत करण्याचे काम सुरू केले, त्याचे नाव 'राहत'. दोन्ही शब्द उर्दूचेही आहेत आणि मराठीचेही. १९८०च्या दशकात शहनाज शेख आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत मुस्लिम बायांसाठी 'आवाज़-ए-निस्वान' सुरू केली. दिलासा, राहत, आवाज़. इज्जत आणि बदनामीच्या शब्दांशेजारी आपल्या भाषेत हेही शब्द होते, आपण ते वापरायला विसरलो.

आज परिस्थिती अशी आहे. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही दवाखान्याने अशा बाईवर मोफत उपचार केलेच पाहिजेत, हे २०१३ पासून कायद्यात आहे. आधी पोलिसांचा कागद आणा, असे म्हणता येत नाही. एचआयव्हीपासून बचावाचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, म्हणून बदनामीचा विचार करीत तीन दिवस घरात बसणे परवडणारे नाही. तपासणीसाठी बाईची संमती घ्यावी, तिला मानसिक आधार द्यावा, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये लिहून दिले आहे. राज्य सरकारची 'मनोधैर्य' योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे आणि तिचे काम आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहते. तेथे कोणत्याही स्त्रीला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. २०१५ पासून 'सखी' केंद्रे निघाली. १८१ हा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, शिक्षकालाही. शिक्षकांनी हे पाठ करून ठेवावे.

एवढे असूनही मंठा किंवा घनसावंगीच्या एखाद्या वाडीतली बाई जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत तिला बरेच लोक भेटतात. सासू, दीर, जमातीतले बुजुर्ग, मौलवीसाहेब, सरपंच, शाळेतल्या बाई. सरकारी केंद्राची दारे उघडी असतात, पण त्या दारापर्यंतचा रस्ता आपल्यासारख्यांच्या तोंडून जातो. आपण पहिले वाक्य काय बोलतो, यावर पुढचे सगळे ठरते. बिल्किस बानोचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २००२ च्या गुजरातेत जे झाले ते तिने सांगितले आणि सांगतच राहिली. २००४ मध्ये खटला मुंबईत आला, २००८ च्या जानेवारीत शिक्षा झाली, २०२२ च्या १५ ऑगस्टला गुन्हेगार सोडले गेले आणि ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. बावीस वर्षे. तिच्या धैर्याचे कौतुक आपल्या सगळ्या सभांमध्ये झाले. होणे योग्यच. पण तिच्यावर अत्याचार करणारे परके होते, म्हणून आपल्याला तिची बाजू घेणे सोपे गेले. अत्याचार करणारा आपल्याच गल्लीतला, आपल्याच नात्यातला असेल तेव्हा आपली जीभ का जड होते?

हाच प्रश्न मी मुस्लिम मराठी साहित्याला विचारते. आपल्या लेखकांनी तलाकवर लिहिले, दंगलीवर लिहिले, गरिबीवर आणि संशयाने पाहणाऱ्या नजरांवर लिहिले. मलिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून घराच्या आतले दुःख बाहेर आणले, त्याला चाळीस वर्षे झाली. त्यानंतर त्या वाटेने किती जण गेले? बहुसंख्य समाज आपल्याकडे बोट दाखवील, या भीतीने आपण घरातले लिहीत नाही. भीती खोटी नाही, बोट दाखवणारे आहेतच. पण त्यांच्या भीतीने आपण आपल्या लाजोला गप्प बसवायचे का? बेदींनी आपल्या माणसांचा दोष आपल्या माणसांना सांगितला, म्हणून त्यांची कथा टिकली.

आता ही कथा मी पुन्हा का काढली ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. शाळा सोडून तिला चार-पाच वर्षे झाली होती, विशीत होती. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. मग खाली मान घालून एका नातेवाइकाचे नाव घेतले आणि दोन वाक्ये बोलली. मला सगळे समजले. मी तिला जवळ घेतले आणि म्हणाले, "बेटा, जो हुआ उसको भूल जा. तेरा क्या कसूर?" मला वाटले, मी फार चांगले बोलले. तिने डोळे पुसले, चहा घेतला आणि गेली. पुढे दोन वर्षे ती आली नाही. एके दिवशी बसस्टँडवर भेटली. मी हालहवाल विचारली. ती हसून म्हणाली, "आपा, तुम उस दिन पूरा सुने च नै."

त्या रात्री मी 'लाजवंती' काढून वाचली. सुंदरलालचे बोलणे आणि माझे बोलणे यांत फरक नव्हता. दोष तुझा नाही, हे मी तिला सांगितले, ते खरेच होते. पण ते तिचे बोलणे थांबवायला सांगितले. मला ऐकवत नव्हते म्हणून. सुंदरलाललाही ऐकवत नव्हते. त्याने 'देवी' म्हणून तोंड फिरवले, मी 'बेटा' म्हणून.

नंतर ती आली. मीच निरोप पाठवून बोलावले. या वेळी मी चहा उशिरा ठेवला आणि मधे काही बोलले नाही. दोन तास ती बोलली. शेवटी मी एवढेच विचारले की आता तुला काय करायचे आहे, आणि त्यात माझी सोबत हवी का? तिने काय ठरवले, ते येथे लिहिणार नाही, ते तिचे आहे. ठरवले तिने, एवढे सांगते.

बेदींच्या त्या संग्रहाच्या नावाचा अर्थ आहे, तुझी दुःखे मला दे. दुःख मागणे सोपे असते. देणारी द्यायला लागली की हात मागे घ्यायचा नाही, हे अवघड. मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या निघोत, केंद्रे तालुक्याला येवोत, अशी मागणी आपण जरूर करू. पण समितीच्या बैठकीत अध्यक्ष आणि चिटणीस निवडण्याआधी एक खुर्ची अशा माणसासाठी ठेवावी, ज्याचे काम फक्त ऐकणे असेल. आणि शक्यतो ती बाई असावी.